घुस म्हणणारा मामा

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. "ब्लॉग बंद केलास का रे?" असं दोघा-तिघांनी विचारलं, नाशिकच्या मावशीने तर मुद्दाम फोन करून विचारलं. बंद नाही केला. लिहायचा माझा वेळ सकाळचा, आणि गेले साडेतीन महिने सकाळी सहा वाजता मी आमच्या सोसायटीच्या पार्किंगशेजारच्या अर्ध्या बास्केटबॉल कोर्टवर असतो. हातात झाडू घेऊन. झाडूचं पुढे सांगतो.

आधी भाचीबाईंची ओळख करून देतो. वय चौदा, इयत्ता नववी, उंची पाच फूट एक इंच (ती दोन सांगते). शाळेच्या संघात गार्ड आहे. नातेवाईक मंडळींपैकी ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचं तर, पाच जणींच्या संघात उंच मुली रिंगजवळ खेळतात आणि बुटक्या, चपळ मुली बॉल पुढे घेऊन येतात. त्या गार्ड. समोरच्या मुलीला मागे टाकून, टप्पे देत देत रिंगकडे मुसंडी मारायची, याला ड्राइव्ह म्हणतात. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटरवर असते, म्हणजे चांगली दहा फूट. पाच फुटी मुलीला खात्रीने बॉल घालायचा तर जवळ जावंच लागतं, आणि जवळ तर समोरच्या संघाच्या सगळ्या उंच मुली उभ्या. सगळं नाटक तिथे घडतं.

भाचीबाईंकडे वेग भरपूर. पहिलं पाऊल टाकलं की समोरची मुलगी मागे पडलीच. हा वेग माझ्याकडून आला असं मी सांगतो. माझी आई, म्हणजे तिची आजी, सांगते की तो तिच्याकडून थेट नातीकडे गेलाय, मध्ये मला वगळून. आई शाळेत खो-खो खेळायची. त्यावरही येतो.

तिच्या हातात पहिला बॉल मी दिला, ती दुसरीत असताना. मी कॉलेजच्या संघात गार्ड होतो (कॉलेजचं नाव लिहीत नाही, तेव्हाचे सीनियर हा ब्लॉग वाचतात आणि मी किती वेळ बेंचवर बसायचो हे त्यांच्या पक्कं लक्षात आहे). तेव्हा आपल्याला येतं ते भाचीला शिकवावं, एवढाच सरळ हेतू होता. आणि मला येणाऱ्या गोष्टी तरी किती? एक. घुसणं. सात वर्षं मी तिला तेच सांगत आलो. "घाबरायचं नाही. घुस. बघू कोण अडवतंय!"

डिसेंबरमध्ये तिच्या शाळेचा एक आंतरशालेय सामना होता. तिसरा क्वार्टर चालू होता, आम्ही चार गुणांनी मागे. भाचीबाईंनी उजवीकडून सुरुवात केली, समोरच्या मुलीला मागे टाकलं, आणि मी कठड्यावरून नेहमीसारखा ओरडलो, "घुस!"

रिंगच्या अलीकडे त्यांची एक उंच, शिडशिडीत मुलगी येऊन उभी राहिली होती. दोन्ही पाय जमिनीवर, हात वर. बरोबर नियमाप्रमाणे. आमची भाची पूर्ण वेगात तिच्या छातीवर जाऊन आदळली. ती मुलगी मागच्या मागे पडली आणि पडताना तिने हात खाली टेकला.

मनगट मोडलं.

रेफरीने चार्जिंगचा फाउल दिला, तो योग्यच होता. त्या मुलीला नेलं, खेळ पुन्हा सुरू झाला. भाचीबाई उरलेला वेळ खेळली, पण रिंगजवळ एकदाही गेली नाही. मला वाटलं, आज घाबरली असेल, उद्या होईल ठीक. पुढच्या सामन्यातही तेच झालं. बॉल आला की लांबूनच दुसरीला देऊन मोकळी. त्यांच्या सरांनी एकदा विचारलं, पण सरांकडे तीस मुलं आणि एक कोर्ट, ते किती जणांच्या मागे लागणार? मग बहिणीचा फोन आला. "दादा, ती रात्री नीट झोपत नाहीये. खेळ सोडते म्हणाली काल."

एका रविवारी मी आणि भाचीबाई त्या मुलीकडे गेलो. बहिणीने तिच्या आईशी आधी बोलून घेतलं होतं. त्या माउलीने आम्हाला पोहे दिले. मला ते घशाखाली उतरेनात. माझ्या भाचीने तुमच्या मुलीचा हात मोडला आणि तुम्ही वर खोबरं-कोथिंबीर घालून पोहे देताय! मुलगी मात्र मजेत होती. प्लास्टरवर वर्गातल्या सगळ्यांच्या सह्या. दोघी सुरुवातीला गप्प होत्या, मग बॅडमिंटन, मग कोणते बूट, मग कुठल्या सरांचा ओरडा जास्त, असं करत गाडी मुद्द्यावर आली.

"मला माहीत होतं तू तिथूनच येणार," ती मुलगी म्हणाली. "आधी चार वेळा उजवीकडूनच गेली होतीस. म्हणून तर मी जाऊन उभी राहिले. मला वाटलं, तू थांबशील. मी दिसले नाही का तुला?"

भाचीबाईंनी जरा वेळाने उत्तर दिलं. "दिसलीस. पण तेव्हा थांबता येत नव्हतं."

परत येताना स्कूटरवर मागे बसून ती काही बोलली नाही. नळ स्टॉपच्या सिग्नलला थांबलो तेव्हा मागून आवाज आला, "मामा, घुस म्हणजे नक्की काय करायचं असतं?"

सिग्नल सुटला, मागच्याने हॉर्न वाजवला, आणि मी उत्तर द्यायचं टाळलं. खरं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सात वर्षं मी एक क्रियापद ओरडत होतो. ते करायचं कसं आणि मध्येच रद्द कसं करायचं, हे मी सांगितलंच नव्हतं.

घरी आल्यावर मला माझा गुडघा आठवला. म्हणजे तो रोजच आठवतो, जिना उतरताना. १९९० साली एका सामन्यात मी असाच घुसलो, उडी मारली, आणि हवेत असताना लक्षात आलं की उतरायला जागा नाही. दुसऱ्याच्या पावलावर उतरलो. लिगामेंट गेलं, खेळ संपला. ही गोष्ट मी तीस-पस्तीस वर्षं सगळ्यांना शौर्यकथा म्हणून सांगत आलोय. मामा कसा तिघांच्या मधून घुसला होता वगैरे. भाचीनेही ती पन्नासदा ऐकलीय. त्या रात्री पहिल्यांदा असं वाटलं की ही शौर्यकथा नाही. उडी मारायच्या आधी आपलं काय होणार हे ज्याला ठरवता येत नव्हतं, त्याच्या अपघाताची ती हकीकत आहे. आणि तीच मी वारसा म्हणून पुढे दिली.

दुसऱ्या दिवशी मी तिला फोन केला. म्हटलं, माझं चुकलं. मी तुला अर्धंच शिकवलं. उरलेलं अर्धं मलाही येत नाही, पण आपण दोघं मिळून शिकू. सकाळी सहाला ये.

"सहाला?" एवढंच ती म्हणाली. पण आली.

आता थोडा इतिहास. (कंटाळा येणाऱ्यांनी एक परिच्छेद सोडून पुढे जावं.) जेम्स नायस्मिथ या गृहस्थांनी १८९१च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड इथे हा खेळ सुरू केला तेव्हा त्यात ड्रिबल नव्हतंच. त्यांच्या मूळ तेरा नियमांत बॉल घेऊन पळायला मनाई होती, जिथे झेलला तिथूनच फेकायचा. फक्त जोरात पळताना कोणी बॉल झेलला तर त्याला थोडी सवलत होती. आणि सवलत कोणाला? जो थांबायचा प्रयत्न करतोय त्याला. हे वाचून मी थक्क झालो. म्हणजे खेळाच्या पहिल्या कागदावरच लिहून ठेवलंय की वेग चालेल, पण तुझा थांबायचा इरादा दिसला पाहिजे. आणि आम्ही काय शिकलो? घुस.

नियम बाकी पुष्कळ बदललेत. माझ्या वेळी रिंगखालचा रंगवलेला भाग शाळेच्या भूमितीतल्या समलंब चौकोनासारखा असायचा. २०१० पासून तो आयत झाला. त्याच वर्षी रिंगखाली १.२५ मीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ आलं. त्याच्या आत उभं राहून बचाव करणाऱ्या खेळाडूला चार्जिंगचा फाउल सहसा मिळवता येत नाही. बाहेर मात्र ती आधी येऊन नीट उभी असेल तर जागा तिची, धडकणारीची चूक. आमच्या सोसायटीच्या कोर्टवर अर्धवर्तुळ नव्हतं. मी रिंगच्या मध्यातून ओळंबा सोडला, सुतळी मोजून घेतली आणि आईच्या डब्यातल्या रांगोळीने ते काढलं. वॉचमनकाकांनी विचारलं, "साहेब, आज काय आहे?"

पहिला आठवडा आम्ही पळालोच नाही. चाललो. ड्रिबल करत रिंगकडे चालत जायचं, मान वर. मी रिंगखाली उभा राहून बोटं दाखवायचो, तिने आकडा ओरडायचा. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या दिवशी तिला दहातले चार आकडे दिसले. कारण तिची नजर बॉलवर नव्हती तेव्हा रिंगवर होती, मधल्या माणसांवर कधीच नव्हती. मी "रिंगकडे बघ" असंच शिकवलं होतं ना!

दुसऱ्या आठवड्यापासून थांबणं. धावताना आपली छाती पायांच्या पुढे असते. थांबायचं तर पाय छातीच्या पुढे यायला हवेत, आणि ते शेवटच्या पावलात येत नाहीत, त्याच्या आधीच्या पावलात आणावे लागतात. ते पाऊल जरा लांब टाकायचं, टाच आधी, कंबर खाली, आणि मग दोन्ही पाय एकदम टेकवून थांबायचं. जाणकार याला जंप स्टॉप म्हणतात. बॉल हवेत पकडून दोन्ही पाय एकदम टेकले, तर नंतर कुठलाही एक पाय रोवून दुसरा हवा तिकडे फिरवता येतो. म्हणजे थांबलं की संपलं असं होत नाही. शॉट मारता येतो, पास देता येतो, वळून मागे येता येतं. मी भाचीबाईंना म्हटलं, "तू स्कूटर शिकशील ना, तेव्हा पहिल्या दिवशी ॲक्सिलरेटर शिकवणाऱ्याकडे जाऊ नकोस."

तर झाडू. मी पाच फूट सात इंच. त्या उंच मुलींचे वर केलेले हात दाखवायचे तर मला झाडू लागतो. तो डोक्यावर धरून मी अर्धवर्तुळाच्या बाहेर उभा राहायचो आणि ती यायची. इथे आमची गाडी अडकली. मी आधीपासून उभा असलो की ती छान थांबायची. मी आयत्या वेळी सरकलो की धडक ठरलेली. तीन आठवडे झाले, माझ्या बरगड्या दुखायला लागल्या आणि तिच्या डोळ्यांत पाणी. वेग कमी केला की सगळं जमतं, वेग वाढवला की पुन्हा तेच. मग मीच कंटाळून म्हटलं, "अगं मग जरा हळू ये ना!" आणि ती म्हणाली, "हळू आले तर मी जाणारच नाही कुणाच्या पुढे. मग मी कशाला खेळू?"

मुद्दा बिनतोड होता. हळू येणं म्हणजे संयम नव्हे. तो नुसता हळूपणा.

आई हे सगळं गॅलरीतून चहा पीत बघायची. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला तेव्हापासून तिला खेळावर बोलायचा विशेष अधिकार प्राप्त झालाय. भारताच्या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं, आणि दोन्ही कर्णधार, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, पुण्याचे. डेक्कन जिमखान्याने १९१४ साली खो-खोचे नियम लिहून काढले ही गोष्टही तिने त्या आठवड्यात घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगितली, गॅस सिलिंडर आणणाऱ्यालासुद्धा. तर त्या दिवशी ती वरून म्हणाली, "ती बॉल घेऊन पळते की बसलेली उठून पळते?"

मला कळलं नाही. नेहमीप्रमाणे "हो हो" केलं. दुपारी ऑफिसात बसल्या बसल्या ट्यूब पेटली.

खो-खोत खो मिळून उठलेल्या मुलीने एकदा दिशा धरली की खांब येईपर्यंत ती बदलायची नाही, मागे फिरायचं नाही, मधली पाटी ओलांडायची नाही. पळतीच्या मुलीला यातलं एकही बंधन नाही. ती साखळीतून जाईल, गोल पळेल, मध्येच थांबेल. म्हणून पळतीची मुलगी काय करते? आधी पाठलाग करणारीला दिशा धरायला लावते, तिचा खांदा कुठे वळला ते बघते, आणि मग स्वतःचं ठरवते. तिचा सगळा खेळ उशिरा ठरवण्यात असतो.

भाचीबाई बॉल घेऊन निघायची तेव्हा पहिल्या पावलालाच तिने सगळं ठरवून टाकलेलं असायचं. उजवीकडून जाणार, दोन पावलं टाकणार, ले-अप मारणार. म्हणजे बॉल तिच्या हातात, सगळं स्वातंत्र्य तिचं, आणि नियम मात्र तिने उठलेल्या मुलीचे लावून घेतलेले! ती मुलगी आडवी आली तेव्हा भाचीला दिसली होती, हे तिने स्वतःच सांगितलं होतं. पायांत ब्रेक नव्हते हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं म्हणजे दुसरं काही करायचा बेतच डोक्यात नव्हता. दिसूनही करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

संध्याकाळी आईला म्हटलं, "तू बरोबर बोललीस." ती म्हणाली, "कधी?"

मग आम्ही पद्धत बदलली. मी रिंगखाली, तिचा धाकटा भाऊ एका कोपऱ्यात (मोबाइल बाजूला ठेवायच्या बोलीवर, दर रविवारी एक वडापाव). भाचीबाई हव्या त्या वेगाने निघणार, पण काय करायचं ते आधी ठरवायचं नाही. तिचा पहिला टप्पा पडल्यावर मी तीनपैकी एक करणार. पुढे आलो तर भावाला पास. जागेवर राहिलो तर दोन पायांवर थांबून छोटा शॉट. बाजूला झालो तर सरळ ले-अप. तिने माझे डोळे बघायचे नाहीत, झाडू तर मुळीच बघायचा नाही, कंबर बघायची. डोळे आणि हात थापा मारतात, कंबरेला ते जमत नाही.

पहिले काही दिवस भयानक गेले. ती इतका विचार करायला लागली की पायात पाय. एकदा तर मधेच उभी राहून म्हणाली, "मामा, मला काहीच ठरवता येत नाहीये." मी म्हटलं, अगं तेच तर हवंय. यावर तिने जो कटाक्ष टाकला तो थेट तिच्या आजीचा होता.

याच सुमारास मी तिला स्टीव्ह नॅशचे जुने व्हिडिओ दाखवले. हा कॅनडाचा गार्ड, उंची सहा फूट तीन इंच, म्हणजे त्या लोकांत बुटकाच. २००५ आणि २००६ अशी लागोपाठ दोन वर्षं एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. तेव्हा सकाळी टीव्हीवर सामने लागायचे आणि मी ऑफिसला उशीर करून ते बघायचो. नॅश रिंगकडे घुसायचा, समोर भिंत दिसली की ड्रिबल न तोडता रिंगखालून पलीकडे निघून यायचा, जणू काही घर बघायला आला होता आणि पसंत पडलं नाही. भाचीबाईंना हे फार आवडलं. "म्हणजे आत जाऊन परत आलं तरी चालतं?" तिने विचारलं. चौदा वर्षांच्या मुलीला हे कुणी सांगितलेलंच नव्हतं. कुणी म्हणजे मी.

तिची खरी लाडकी मात्र शिरीन लिमये. आपल्या पुण्याची, गार्ड, भारताच्या महिला संघाचं नेतृत्व केलेली. २०१७ साली बंगळुरूला आशिया चषकाच्या ब गटाच्या अंतिम सामन्यात भारताने कझाकस्तानला जेमतेम दोन गुणांनी हरवलं, त्या संघात ती होती. भाचीबाई तेव्हा अगदीच लहान, पण त्याबद्दल बोलते अशी की जणू बेंचवर बसून बघितला. "इतका अटीतटीचा सामना, मामा. तेव्हा नुसतं घुसून चाललं असतं का?" आता ती मलाच शिकवते.

फेब्रुवारीच्या शेवटाला एके दिवशी सकाळी मी पुढे आलो, ती कमरेत खाली गेली, थांबली, आणि बॉल भावाच्या हातात. मी झाडू घेऊन हवेत. तिने वेग कमी केला नव्हता. मी काही बोललो नाही, तीही बोलली नाही. भाऊ म्हणाला, "दोन वडापाव."

मग परीक्षा आल्या, थोडा खंड पडला. एप्रिलमध्ये सुट्टीतल्या शिबिराचा शेवटचा मैत्रीपूर्ण सामना होता. दोन-तीन शाळांच्या मुली मिसळून संघ केले होते. कोर्टवर पोचलो आणि बघतो तर समोरच्या संघात ती मुलगी. मनगटाला पट्टी बांधलेली, चेहऱ्यावर तेच हसू. भाचीबाईंच्या चेहऱ्यावर मात्र काही नाही.

पहिला क्वार्टर ती पुन्हा लांबूनच पास देत राहिली. आमचे जावईबापू, म्हणजे तिचे वडील, माझ्या शेजारी बसून चुळबुळत होते. "दादा, ओरडा ना काहीतरी. तुमचं ऐकते ती." मी बाकाची कड घट्ट धरून बसलो. साडेतीन महिन्यांत मी झाडू उचलायला शिकलो, खो-खो शिकलो, पण सगळ्यात अवघड गेलं ते तोंड मिटून बसणं.

दुसऱ्या क्वार्टरमध्ये ती गेली. डावीकडून! समोरच्या मुलीला मागे टाकलं आणि रिंगच्या अलीकडे तीच उंच मुलगी सरकत आली, दोन्ही पाय टेकले, हात वर. पुन्हा तेच चित्र. माझे डोळे मिटले, खोटं कशाला सांगू.

धडकेचा आवाज आला नाही. शिट्टीचा आला.

डोळे उघडले तर भाचीबाई त्या मुलीपासून हातभर अंतरावर दोन पायांवर उभी, बॉल छातीशी. थांबली होती. मात्र थांबल्यावर पास शोधताना रोवलेला पाय घसरला होता आणि रेफरी दोन्ही मुठी एकमेकींभोवती फिरवत ट्रॅव्हलिंगची खूण करत होता. बॉल समोरच्या संघाला. जावईबापू म्हणाले, "छ्या! गेला चान्स." आणि मी बाकावरून उठून टाळ्या वाजवत होतो. आजूबाजूच्या पालकांना वाटलं असेल, हा दुसऱ्या संघाचा.

ती उंच मुलगी काहीतरी म्हणाली, दोघी हसल्या. काय म्हणाली ते नंतर विचारलं. "थांबलीस की!" एवढंच.

त्यानंतर भाचीबाई सहा वेळा आत गेली. माझ्या डायरीत नोंद आहे. दोन ले-अप (एक गेला, एक रिंगवरून बाहेर), दोन पास, एकदा नॅशसारखी फिरून परत. आणि एकदा धडकली. हो, चार्जिंग, अगदी डिसेंबरसारखीच. यावेळी धडकलेली मुलगी दुसरी होती आणि ती पडली नाही. भाचीबाईंनी हात पुढे करून माफी मागितली आणि पुढच्या बॉलला परत आत गेली. सामना हरलो.

घरी येताना म्हणाली, "मामा, एकदा झालंच परत." मी म्हटलं, होणार. खेळतेस म्हणजे अधूनमधून होणारच. "मग एवढं सगळं कशाला केलं?" मी जरा विचार केला. म्हटलं, डिसेंबरमध्ये तू धडकलीस तेव्हा तुझ्यापुढे दुसरा रस्ता नव्हता. आज होता, फक्त तो निवडायला अर्धा सेकंद उशीर झाला. अर्धा सेकंद आपण कमी करू. रस्ताच नसेल तर काय कमी करणार? तिला पटलं की नाही कोण जाणे. वडापाव कुठे खायचा यावर लगेच चर्चा सुरू झाली.

नळ स्टॉपवर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी अजून तिला दिलेलं नाही. इथे लिहून ठेवतो, ती कधीतरी वाचेल. घुस म्हणजे आत जा, पण परत यायचा रस्ता पायाखाली ठेवून. आणि हे सांगणारा मामा कठड्यावरून ओरडत असेल तर त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस. त्याला लांबून काही दिसत नाही.

असो. उद्या पुन्हा सहा वाजता. आईने कालपासून गॅलरीत खुर्ची आणि शिट्टी आणून ठेवलीय.

ता. क. : सोसायटीच्या सेक्रेटरींनी सकाळच्या धपधप आवाजाबद्दल पत्र दिलंय. त्याला उत्तर म्हणून त्यांच्या नातवालाही सोमवारपासून कोर्टवर बोलावलंय. गडी पाच फूट आठ इंच आहे. झाडू आता त्याच्याकडे.